हात वर होईपर्यंत

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चिमणी काचा घासायची. फ्रेमच्या मापाने काच कापायची, पाणी सोडलेल्या चाकावर तिची कड घासायची, बसते का बघायचं, नाही बसली तर आणखी केसभर घासायचं. संध्याकाळपर्यंत बोटांवर पांढरा चिखल वाळून कडक व्हायचा. कामात ती चोख होती. पहिल्या दोन महिन्यांत तिच्या हातून एकही काच फुटली नाही, आणि कोणाचं कौतुक केलं तर जीभ झिजेल अशा बेताने बोलणाऱ्या मालकानेही एकदा "बरं चाललंय" असं म्हणून टाकलं होतं.

काचांचं जमलं, शहराचं काही केल्या जमेना. तिच्याच वयाची मुलंमुली दुकानात येत आणि नंबर नसलेला चष्मा मागत. डोळे ठणठणीत, तरी नाकावर ओझं हवं. चिमणीने एकदा काउंटरवर बसणाऱ्या मुलीला याचं कारण विचारलं, तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली की तिचा स्वतःचा चष्माही बिननंबरीच आहे. या काउंटरवालीचा स्वभाव मोकळा होता. चिमणीला शहरात जी काही एक ओळख होती ती हीच.

चिमणी हे नाव तिला बँडने दिलं होतं. तिच्या गावात तिच्या बाबांचा बँड होता, अकरा जणांचा. लग्न असो, शाळेची मिरवणूक असो की कोणाची अंत्ययात्रा, पुढे चालत वाजवायला हेच अकरा जण. बाबांना सगळे मास्तर म्हणत. चिमणी नऊ वर्षांची असताना बारावी म्हणून आत शिरली, आणि तोंडापेक्षा ट्रंपेट मोठा दिसतो म्हणून तिची चिमणी झाली. दहाबारा वर्षं ती त्या रांगेत चालली. मग गावात एकामागून एक लोक मिरवणुकीपुढे मोठे स्पीकर लावायला लागले, बँडला कामं मिळेनात, आणि मास्तरांनीच तिला शहरातलं हे काम बघून दिलं. निघताना त्यांनी ट्रंपेट तिच्या हातात ठेवला आणि वाजवणं सोडू नको एवढंच सांगितलं.

पण वाजवायचं कुठे? भाड्याच्या खोलीच्या भिंती इतक्या पातळ, की शेजारचा शिंकला तर हिने नाक पुसावं. दोन महिने ट्रंपेट पलंगाखाली पडून होता. ते ऐकून काउंटरवालीने कपाळावर हात मारला आणि येत्या रविवारी तिला लाँड्रीत घेऊन जायचं जाहीर केलं.

लाँड्री म्हणजे खरोखरच लाँड्री होती, पण बंद पडून जमाना झालेली. जमिनीवर पांढऱ्या फरशा, भिंतीवर नळांच्या तोट्या, आणि कपडे बुचकळायचे सिमेंटचे हौद उलटे घालून त्यांची बाकं केलेली. दर रविवारी दुपारी तीन ते सहा तिथे तरुण मंडळी जमत. कोणीही यावं, वाद्य आणावं, वाजवावं. ऐकून चिमणी हरखली होती. आत पाऊल टाकल्यावर मात्र तिचा उत्साह तिथल्या तिथे जिरला. सगळे काळ्या कपड्यांत, सगळ्यांच्या तोंडी तिने जन्मात न ऐकलेल्या बँडांची नावं. आणि गंमत म्हणजे समोर झकास वाजत असताना ऐकणारा एकही जण हलत नव्हता. हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखे उभे. गावात कोणी असं उभं राहिलं असतं तर मास्तरांनी त्याला बरं नाही का म्हणून विचारलं असतं.

एकाने तिला विचारलं, ती काय ऐकते. चिमणीने खरं ते सांगितलं, की ती ऐकत नाही, वाजवते. तो मान डोलावून दुसरीकडे गेला. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे तिला कळलं. काय चुकलं, ते काही कळेना.

मग तिची पाळी आली. ड्रमवर एक उंच, टोपीवाला तरुण होता. त्याने एक साधी चाल धरली, गिटारवाल्या दोघी आल्या, आणि चिमणीने ट्रंपेट ओठाला लावला. ती चाल तिने दोनदा ऐकून उचलली. पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी. दोन महिन्यांनी छातीतली हवा मोकळी झाली आणि तिला इतकं बरं वाटलं, की डोळेच भरून आले. ऐकणाऱ्यांतल्या दोघातिघांनी हाताच्या घड्या सोडल्या हेही तिने पाहिलं.

घात तिथेच झाला. लाँड्रीत तीन फेऱ्या झाल्या की थांबायचं, हा शिरस्ता होता. तो इतका जुना, की कोणी कोणाला सांगत नसे. आणि चिमणीच्या बँडमध्ये चाल संपतच नसे. चालत्या मिरवणुकीत वाट किती उरली हे वाजवणाऱ्याला कुठून कळणार? कुठे चौकात गर्दी अडते, कुठे म्हातारी माणसं मागे राहतात. म्हणून शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, आणि दारापाशी पोचल्यावर मास्तर उजव्या हाताने ट्रंपेट पेलून वाजवता वाजवताच डावा हात वर करत, तेव्हा सगळ्यांनी एकदम थांबायचं. हात वर झाला नाही तर थांबायचं नाही. हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की तिसरी फेरी संपून ड्रम, गिटार सगळं चिडीचूप झालं तरी चिमणी एकटी चौथ्या फेरीत शिरली, तीही मिरवणुकीतल्या भरदार आवाजात. वाजवता वाजवता तिचे डोळे लोकांच्या डोक्यांवरून काहीतरी शोधत होते. काय शोधत होते ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सगळे हसले तेव्हा ती थांबली.

तसं वाईट कोणी नव्हतं. ड्रमवाला हसत हसत म्हणाला, "रिपीटवर लागलीय ही तर," आणि काउंटरवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पण कोणीतरी ते फोनवर टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ शहरभर झाला. चष्मा घ्यायला आलेल्या एका मुलीने मागच्या खोलीत डोकावून तिला ओळखलं आणि हसली. चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिच्या हातून पहिली काच फुटली.

त्यानंतर ती लाँड्रीत गेली नाही. काउंटरवालीने तीनदा विचारलं, तिने तीनदा डोकं दुखत असल्याचं सांगितलं. बाबांना मात्र तिने फोनवर वेगळंच सांगितलं. शहरात तिचा ग्रुप झालाय, दर रविवारी वाजवते, सगळे तिला मानतात. एकदा खोटं बोलल्यावर दर आठवड्याला त्यात भर घालणं आलं. कोणत्या रविवारी काय वाजवलं, कोण काय म्हणालं, सगळं ती रचून सांगायची, आणि बाबा "हं, हं" करत ऐकायचे. फोन ठेवला की ती पलंगाखालच्या ट्रंपेटच्या पेटीकडे बघून रडायची. परत जावं तर गावात बँड राहिला नव्हता, आणि इथे तिची जागा कुठेच नव्हती.

आणि अशातच बाबांनी फोनवर सांगितलं, की ते रविवारी येतायत. तिला वाजवताना ऐकायचंय.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांना घ्यायला बसस्थानकावर जाताना तिने मनाशी पक्कं केलं होतं, की भेटल्या भेटल्या सगळं कबूल करायचं. पण बाबा उतरले ते लाल कोट घालून. पितळी बटणांचा, खांद्यावर सोनेरी झालर असलेला बँडचा कोट. त्यांच्याकडचा चांगला कोट तो एकच. लेकीच्या मित्रमंडळींना भेटायचं म्हणून त्यांनी बटणंसुद्धा घासून आणली होती. ती बटणं बघून चिमणीची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

लाँड्रीच्या दारात ती घुटमळली. आता तरी सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोवर बाबा आत गेलेसुद्धा. काळ्या कपड्यांच्या त्या गर्दीत तो लाल कोट शिरला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. चिमणीला वाटलं, आता बापलेक दोघांचंही हसं होणार. स्वतःचं झालं तेव्हा तिला लाज वाटली होती. बाबांचं होईल या विचाराने तिला राग आला, आणि रागाने तिच्या पायांत बळ आलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

टोपीवाला ड्रमवाला पुढे आला. त्याने कोट वरपासून खालपर्यंत पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, असा कोट कुठे मिळतो.

"मिळत नाही," बाबा म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं घातला की असा होतो."

ड्रमवाल्याने टोपी काढली. मग चिमणीकडे वळून तो म्हणाला, की ती इतके रविवार कुठे होती, त्या आवाजाचं दुसरं कोणी इथे आलंच नाही. चिमणीने चोरून बाबांकडे बघितलं. तिचं खोटं तिथेच, सगळ्यांच्या देखत उघडं पडलं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. ते शांतपणे मागे गेले आणि शेवटच्या उलट्या हौदावर बसले.

चाल तीच होती. पहिल्या फेरीत चिमणीचा सूर फाटला. दुसऱ्या फेरीत श्वास जागेवर आला. तिसरी सुरू झाली. तीन झाल्या की थांबायचं, हे तिला आता माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं. तिचे डोळे डोक्यांवरून मागे गेले आणि या वेळी ते काय शोधतायत हे तिला कळलं. बाबा समोरच होते. तिचा जीव भांड्यात पडला. आता हात वर होईल.

हात वर होईना. बाबा तिच्याकडे एकटक बघत होते, जरासे पुढे वाकून, अवघडल्यासारखे, आणि त्यांचे दोन्ही हात कुठे दिसतच नव्हते. शेवटची ओळ आली. तिने डोळ्यांनी विनवलं. बाबांनी मान हलवली. नाही.

तेव्हा चिमणीने ट्रंपेटचा सगळा भार उजव्या हातावर घेतला आणि डावा हात सोडवून वर केला. हात सरळ वर गेला. गिटारवाल्या दोघी थांबल्या. ड्रमवाला बघतच राहिला म्हणून अर्धा ठोका उशिरा थांबला. मग टाळ्या वाजल्या, आणि काउंटरवालीने तर बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ड्रमवाल्याने मान्य केलं, की उशिरा थांबला ही चूक त्याचीच होती, आणि ते हाताचं काय ते पुढच्या रविवारी नीट शिकवायचं अशी गळ घातली. पुढच्या रविवारी, असं तो सहज म्हणून गेला. चिमणीच्या मनात ते शब्द घर करून बसले.

परतीची बस साडेसहाची होती. बसस्थानकाच्या बाकावर चिमणीने एका दमात सगळं कबूल केलं. ग्रुप नव्हता, रविवार नव्हते, सगळं रचलेलं होतं.

बाबांना ते आधीच ठाऊक होतं. तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ फिरत फिरत गावात पोचला होता आणि बँडमधल्या मोठ्या ढोलवाल्याने तो त्यांना दाखवला होता.

"सगळे हसले," ते म्हणाले. "मला हसू आलं नाही. तू वाजवता वाजवता माझा हात शोधत होतीस. म्हटलं, जाऊन एकदा हात वर करून येऊ, म्हणजे पोरीला थांबता येईल."

"मग केला का नाहीत?"

बस लागली होती. बाबा उठले, कोट सारखा केला आणि दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले. हौदाच्या खरबरीत सिमेंटचे लाल वळ त्यांच्यावर अजून उमटलेले होते.

"पुढच्या रविवारी मी कुठे असणार," ते म्हणाले. "पण हात काही ऐकेनात. म्हणून त्यांच्यावर बसलो होतो."