दात शाबूत आहेत

साहेब, त्या बाईला तुम्ही मारलंत. तुमच्या हातात शस्त्र नव्हतं, पेन होतं. तेवढं पुरलं.

मी एक जुनं फ्रीव्हील आहे. सायकलच्या मागच्या चाकाला जे दातेरी चक्र असतं, तेच. मला अठरा दात. दवाखान्याच्या सायकलवर मी नऊ वर्षं काढली. ती सायकल चालवायची एक नर्स. घरी खिळून पडलेल्या माणसांच्या जखमा धुवायला ती दारोदार फिरायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिच्या डब्यात कापसाच्या शेजारी नेहमी तेलाची छोटी बाटली असे, आणि दर आठवड्याला ती स्वतः चेन पुसत असे. एवढं प्रेम मला पुन्हा मिळालं नाही.

मित्रांनो, चेन एका दिवसात म्हातारी होत नाही. तिच्या कड्यांतल्या पिना आतून झिजतात आणि ती हळूहळू लांबते. आमच्या वर्कशॉपचा मिस्त्री तिच्यावर पोलादी पट्टी ठेवायचा. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्यात अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढलं की चेन बदलायची, म्हणजे फ्रीव्हील वाचतं. पुरतं सूत वाढलं की समजायचं, चेनने फ्रीव्हीलचे दातही खाल्ले. मग दोन्ही एकदमच बदलायची.

अर्धं सूत वाढलं त्या दिवशी मिस्त्रीने अर्ज लिहिला. साहेब, तुमच्या भांडारात नियम असा, की तुटलेला भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही. अर्ज परत आला. त्यावर लिहिलं होतं, चेन तुटलेली नाही. सिस्टर हसली आणि म्हणाली, "काका, त्या पट्टीनं एकदा साहेबांची जीभ मोजा." मिस्त्री म्हणाला, "बारा इंचांत बसायची नाही ती."

पुढे दीड वर्ष चेन आणि मी एकमेकांना झिजवत राहिलो. ती लांबली, माझे दात कोयत्यासारखे एका बाजूला झुकले. पण बरोबरच बिघडलो होतो, म्हणून कसंबसं जमत होतं. शेवटी ती भर रस्त्यात तुटली. मिस्त्रीने तुकडे जमा केले आणि चेनबरोबर फ्रीव्हीलही मागितलं. चेन आली. माझ्या नावापुढे शेरा आला: दात शाबूत आहेत.

साहेब, अठराच्या अठरा दात जागेवर होते हे खरं. कागदावरून तेवढंच दिसतं.

मिस्त्रीने नवी चेन चढवली, ब्रेक दाबून धरला आणि पॅडलवर जोर दिला. चेन माझ्या दातांवरून कटकन उडाली. मी धरायचा प्रयत्न केला, मित्रांनो. शपथेवर सांगतो. तिच्या कड्या जवळजवळ होत्या, माझ्या दातांची जागा रुंदावली होती. ती माझ्यात बसतच नव्हती.

मिस्त्री म्हणाला, ही गाडी मी देणार नाही. सिस्टरने त्याला समजावलं. तीन दिवस ती पायी फिरत होती, निम्म्या घरांत पोचत नव्हती, एका आजोबांच्या पाठीची जखम चिघळली होती.

"चढ आला की उतरून ढकलीन," ती म्हणाली. "पण गाडी द्या, काका."

मिस्त्रीने गाडी दिली. तिने शब्द पाळला. प्रत्येक चढाला ती उतरली. पण पाचव्या दिवशी, अगदी सपाट रस्त्यावर, चौकात थांबलेली गाडी तिला पुन्हा सुरू करायची होती. मागून ट्रकने हॉर्न दिला. तिने घाईने पॅडल दाबलं. माझ्यावरून चेन उडाली, तिचा पाय रिकाम्यात गेला आणि ती बाजूने पुढे निघालेल्या ट्रकखाली पडली.

तेलाची बाटली फुटून रस्त्यावर सांडली होती. ते तेल माझ्यासाठी होतं.

तुमचा अहवाल मिस्त्रीने मोठ्याने वाचला. सायकलीत दोष नाही, चेन नुकतीच बदललेली आहे, चालवणारीचा निष्काळजीपणा. आमची नवी चेनच तुम्ही तिच्याविरुद्ध साक्षीला उभी केलीत!

मित्रांनो, तुमच्या सायकलच्या चेनवर अधूनमधून पट्टी लावा. तुटायची वाट पाहू नका. आणि जो हाताने झीज ओळखतो, त्याचं ऐका.

काल सिस्टरची आई वर्कशॉपमध्ये तिचा डबा न्यायला आली. मी बाकावर सुटा पडलो होतो. मिस्त्रीने मला तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. तिने माझ्या एकेका दातावरून बोट फिरवलं.

"म्हणजे माझ्या पोरीची चूक नव्हती?"

"नव्हती, मावशी."

"मग कागदावर तसं का लिहिलंय?"

मिस्त्रीने मला तिच्याकडेच ठेवलं आणि तुमच्या कचेरीचा पत्ता दिला. साहेब, तो कागद तुम्ही लिहिलाय. मावशी आज सकाळपासून तुमच्या दारात बसल्या आहेत आणि मी त्यांच्या ओच्यात आहे. बाहेर या. माझे दात बोटांनी तपासा, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा: का लिहिलंत?