ब्रदर हॉलिसचे पावणेदोन इंच

रविवारी चर्च सुटलं की आमच्या भागातले झाडून सगळे खडीचे ट्रक नदीकाठच्या मैदानात रांगेनं येऊन उभे राहायचे. बायकापोरांसकट दोनअडीचशे माणूस जमायचं. कोकच्या बाटलीत खारे दाणे टाकून सगळे चमत्काराची वाट बघत बसायचे, आणि उपदेशक ब्रदर हॉलिस माइक घेऊन एका उघड्या ट्रेलरवर चढायचा.

"सैतान कुठं दडून बसतो?" तो गरजायचा. "तुमच्या ब्रेकमध्ये! सरकारनं तुम्हाला तपासनीस दिला, देवानं तुम्हाला हॉलिस दिला!"

"आमेन!"

मग त्याचा मदतनीस क्लोविस एकेका ट्रकखाली शिरून ब्रेकच्या दांड्यावर खडूनं रेघ मारायचा. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की दांडा किती बाहेर आला ते पट्टीनं मोजून ओरडायचा, "अडीच इंच!" गर्दी हळहळायची, कारण कायद्यानं दोन इंचांच्या पुढे गाडी रस्त्यावर आणायची नाही. मग सगळ्यांनी ट्रकच्या तोंडाशी जमून बॉनेटवर हात ठेवायचे, माना खाली, डोळे मिटलेले, आणि सहा कडव्यांचं भजन खड्या आवाजात म्हणायचं. भजन संपलं की पुन्हा मोजणी. "पावणेदोन!" लोक रडायचे, एकमेकांच्या गळ्यात पडायचे. सोमवारी वजनकाट्यावरच्या तपासणीत तेच ट्रक बिनबोभाट पास व्हायचे.

त्या वजनकाट्यावर मी बावीस वर्षं तपासनीस होते. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसले, पण लोखंड भजनानं आखडत नाही एवढी अक्कल शाबूत होती. गप्पही बसले असते. आपण कुणाकुणाशी भांडायचं? पण रांगेत माझा धाकटा भाऊ व्हर्लिनचा ट्रक होता. वीस टन खडी घेऊन तो दिवसाला चारदा केनीचा घाट उतरायचा.

"व्हर्लिन, ब्रेकचे ॲडजस्टर बदल. मेलेत ते."

"ताई, गॅरेजवाला दोन आठवडे गाडी अडकवून ठेवतो. तोवर खाणवाले माझी पाळी दुसऱ्याला देतील. हॉलिस दहा मिनिटांत करून देतो."

"हॉलिस नेमकं काय करतो, तेच बघायचंय मला."

शनिवारी तो जेवायला आला तेव्हा मी त्याच्या ट्रकखाली शिरले. मागच्या चारही ॲडजस्टरच्या, म्हणजे ब्रेकचा दांडा आवळून धरणाऱ्या भागाच्या, बोल्टवर लाल नेलपॉलिशची एकेक रेघ ओढली, थेट शेजारच्या लोखंडापर्यंत. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार.

रविवारी व्हर्लिनच्या ट्रकवर चमत्कार झाला, मी चाकांमागे वाकून रेघा बघितल्या आणि ट्रेलरवर चढून माइक हिसकावला. "या, वाका, बघा! चारही रेघा तुटल्यात. तुम्ही डोळे मिटून गाता तेव्हा क्लोविस खाली पाना घेऊन बोल्ट आवळतो. क्लोविस, मागचा खिसा दाखव."

क्लोविसनं आधी हॉलिसकडे बघितलं, मग पाना काढला.

हॉलिस कसला डगमगतो! "भगिनी ऑर्फा, परमेश्वर माणसाच्या हातूनच काम करून घेतो!"

"मग त्याला म्हणावं, पुरतं तरी कर!" मी म्हटलं. "अरे, हा ॲडजस्टर दर ब्रेकला आपला आपण आवळला जातो. तुम्हाला हातानं आवळावा लागतोय, म्हणजे तो आतून खलास झालाय. पान्यानं नुसती मोजणी बरोबर येते. उतारावर ड्रम तापून फुगला की दांडा पुन्हा लांब जाणार, आणि पाय खाली दाबलात तरी गाडी थांबणार नाही."

लोक वाकून ट्रकखाली बघायला लागले. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे नुसता पाना पुरतो?"

"कितीचा पाना रे, क्लोविस?"

"नऊ-सोळांश इंची."

"च्यायला, आणि आपण रविवारची वाट बघत बसलो!"

लोक हसत हसत पांगले. पुढच्या रविवारी मैदान रिकामं होतं. हॉलिसचं दुकान मी बंद पाडलं होतं आणि त्याची विद्या गावभर वाटून टाकली होती. व्हर्लिन मोठ्या खुशीत सांगायला आला, "ताई, तुझ्यामुळं कळलं बघ. रोज सकाळी पाच मिनिटांत आवळतो." मी ओरडले, हात जोडले, शेवटी रडले. तो म्हणाला, "तू उगाच घाबरतेस."

गुरुवारी पहाटेच मी माझ्या जागी आलेल्या ग्लेनाला फोन केला. "माझ्या भावाची गाडी अडव. काहीही कारण काढ."

तासाभरानं तिचा फोन आला. "अडवली. मागची चारही चाकं मोजली. पावणेदोन भरलं, ऑर्फा. कायद्यात बसतंय. मी कशाच्या जोरावर थांबवू?"

"आत्ताच आवळलंय गं त्यानं!"

"माहितीय मला. पण पट्टीला माहीत नाही ना."

दुपारी तीनला तिचाच फोन पुन्हा आला आणि तिनं नुसती माझ्या नावानं हाक मारली. व्हर्लिनची चौथी खेप होती. मीच विचारलं, "कुठल्या वळणावर?"

त्याला पुरून आल्यावर मी एक कागद लिहिला आणि वजनकाट्याच्या खिडकीवर लावला. 'ज्याचा ब्रेक पुन्हा पुन्हा आवळावा लागतो, त्याचा ब्रेक मेलेला आहे. पट्टी काहीही सांगो, गाडी उभी करा. भाग बदला. पाळी जाईल, जाऊ द्या. हे कुणाच्या श्रद्धेवर चालत नाही. लोखंड तापतं आणि फुगतं, एवढंच आहे.' ड्रायव्हर थांबून तो कागद वाचतात. तिथंच खुर्ची टाकून बसलेल्या माझ्याकडे बघून टोपी काढतात, व्हर्लिनबद्दल दोन शब्द बोलतात, आणि तीच गाडी घेऊन घाट उतरायला लागतात.