लाकडाची पाचर

मी एक जुनी तोफ आहे. मित्रांनो, तोफ म्हटली की तुम्हाला बुरुजावरचे धूड आठवेल. मी तेवढी नव्हे. दोघांनी उचलावी एवढीच. जहाजाच्या कठड्यावर लोखंडी दुबेळक्यात मला बसवले होते. शेपटी धरून माझे तोंड हवे तिकडे वळवता येई. शत्रूची होडी बगलेला भिडली, माणसे दोरांवरून चढू लागली, की मोठ्या तोफा नुसत्या बघत बसत. मूठभर छर्रे घेऊन मीच त्यांना अडवी.

तोफेच्या दारूने ठासलेला लोखंडी पेला माझ्या पाठीच्या खाचेत ठेवत आणि बार होताना तो मागे उडू नये म्हणून त्यामागे लोखंडी पाचर ठोकत. सगळा जीव त्या पाचरेवर.

माझ्या तोफचीला खलाशी दणकेमामा म्हणत. स्वतः जेवण्याआधी ते मला तेल लावत.

लढाया संपल्या. एके दिवशी कप्तानाचे सासरे जहाज बघायला आले. मामांनी कप्तानाला पाचर दाखवली. "साहेब, झिजलीय. दातासारखी हलतेय. लोहार उद्या नवी देईल."

"सासरे आज आलेत, मामा! लाकडाची ठोका."

"लाकूड नाही टिकायचं."

"अहो, सलामी आहे, लढाई नाही. आणि दारू दुप्पट घाला. बार फुसका निघाला तर सासरेबुवा जन्मभर ऐकवतील."

मामांनी मागची सगळी माणसे हटवली. डाव्या हाताने माझी शेपटी धरली, उजव्याने बत्ती दिली. पाचरेचा भुगा झाला. पेला मागे उडाला आणि मामांचा डावा हात मनगटापासून घेऊन गेला.

कप्तानाने कागदावर लिहिले, 'तोफ सदोष होती.' मग तो कागद घेऊन मामांच्या खाटेपाशी आला. "डावा अंगठा उठवा, मामा. पेन्शन लगेच सुरू करतो."

मामा म्हणाले, "तो तुमच्या सासऱ्यांच्या सलामीत गेला. आणि उजवा मी खोट्याखाली देत नाही."

पेन्शन मिळाली नाही. कप्तानाला मोठे जहाज मिळाले. मला धक्क्यावर तोंड खाली करून कमरेपर्यंत पुरले. आता माझ्या पाठीला होड्यांचे दोर बांधतात आणि येणारेजाणारे म्हणतात, "हीच ती हात खाणारी!"

मित्रांनो, मी कुठेही फुटले नव्हते. आजही माझ्या अंगावर तडा नाही, येऊन बघा. अवजार मोडण्याआधी त्याचा माणूस सांगत असतो. तेव्हा त्याचे ऐका. तेव्हा ऐकणार नसाल, तर नंतर माझ्या नावाने बोटे मोडू नका.