आठवी बरणी

बुधवार, १२ मार्च २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. पूर्ण फेऱ्या ९९७. प्रयोगशाळेतले मदतनीस भय्यासाहेब यांनी आकडा नोंदवहीत उतरवला आणि पेनला टोपण लावले.

टेबलावर काचेच्या आठ बरण्या होत्या. प्रत्येकीत जस्ताचे पत्रे, मध्ये पडदा आणि पाण्यात केलेले द्रावण. वीज भरायची, वीज काढायची. ही तासाभराची एक फेरी. भरताना जस्त पत्र्यावर परत बसते, पण सारखे बसत नाही. सुया उगवतात, पडदा भेदतात आणि बॅटरी मरते. सात बरण्या चारशेच्या आत गेल्या होत्या. आठवीने हजार गाठले तर प्रकल्पाला दोन वर्षे मिळणार होती. नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. निधी देणारी समिती एक वाजता येणार होती.

"काहून गप्प बसून राहिले, भय्यासाहेब?" प्रकल्पप्रमुख लतिका मॅडम हसल्या. "चलो, गोरखपूर बाजारातून पेढे मागवा. तुम्ही घासलेला पत्रा जिंकून राहिला."

"मॅडम, ती पत्र्यामुळे नाही टिकली."

"मग?"

"ती बरणी मी भरली. तुम्ही फोनवर होत्या. फॅक्टरीत एकतीस वर्षं मुलामा चढवला. वीज सोडायच्या आधी जस्ताच्या हौदात सरसाची, त्या चामड्याच्या डिंकाची, पूड टाकायची, म्हणजे थर गुळगुळीत बसते. हातानं सवयीनं टाकली. चिमूटभर."

"आणि लिहिलं नाही?"

"संध्याकाळी ध्यानात आलं. म्हटलं, ही बी मरेलच. मेली नाही."

"बेचाळीस दिवस, भय्यासाहेब! अहवालात मी लिहून बसले, आठही द्रावणं एकसारखी. अब क्या मुँह दिखाऊँ?"

"माझं नाव सांगा जी. मला काढून टाका."

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. यंत्रावर ९९८ उमटले, तेव्हा परतल्या आणि लाल पेनने आठव्या बरणीच्या रकान्यावर रेघ मारली.

"चिमूट म्हणजे किती? समितीला चिमूट चालत नाही."

भय्यासाहेबांनी अवजारांच्या पिशवीतून सरसाची जुनी पत्र्याची डबी काढली, बोटे रुमालाला कोरडी केली आणि तराजूवरच्या कागदावर चिमूट सोडली. मॅडमनी आकडा लिहिला, कागद झटकला.

"पुन्हा."

पाच वेळा. हजारावी फेरी पूर्ण झाली तेव्हा यंत्राकडे कोणी पाहिले नाही. जिन्यावर बुटांचे आवाज आले, तेव्हा समितीसाठीच्या कागदावर दोनच ओळी होत्या.

मान्य निकाल : ०.
सरस, पाच मोजण्या : ०.१२, ०.१२, ०.११, ०.१२, ०.१२, सरासरी ०.११८ ग्रॅम.