मायराची बॅग

आधी मायराचे मोजे गेले, मग स्वेटर, मग दुधाचा कप. माझ्या दीड वर्षाच्या मुलीला ओटिलीकडे सोडायला लागून आठवडाच झाला होता; सवय व्हावी म्हणून रोज दोन तास. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. नाही झाले तर नोकरी जाणार, आणि लंडनच्या ईलिंग भागातल्या प्रत्येक नर्सरीला वेटिंग लिस्ट.

ओटिली घरीच मुलं सांभाळणारी रजिस्टर्ड चाइल्डमाइंडर, कागदपत्रं चोख. माझा संशय तिच्यासोबत राहणाऱ्या वडिलांवर. आल्ब्रेख्ट, वय त्र्याऐंशी, पाठ ताठ. १९१८पर्यंत त्यांचे वडील म्हणे जर्मनीत राज्य करत होते.

"केवढं होतं राज्य?" मी त्यांना विचारलं होतं.

"सकाळी घोड्यावर निघालं की जेवायच्या आत संपायचं."

"अगं, संस्थानिक असतील," माझा नवरा अंशुमन म्हणाला. "आपल्याकडच्यांची संस्थानं गेली, तशी त्यांचीही."

"मग मोजे कशाला चोरतात?"

"खजिना भरतायत. एकेक मोजा करून."

त्याला थट्टा सुचत होती. मला सुचेना, कारण गुरुवारी आल्ब्रेख्टनी मायराच्या पासपोर्टची फोटोकॉपी मागितली.

शुक्रवारी मी मुद्दाम अर्धा तास आधी गेले. ओटिलीने दार उघडलं. कोटांच्या खाली एक छोटी चामड्याची बॅग होती. हँडलला चिठ्ठी: मायरा. मी तिथेच उकिडवी बसून ती उघडली. मोजे, स्वेटर, कप. बिस्किटं. आमचा फोन नंबर.

"कुठे नेणार होतात हिला?" माझा आवाज चिरकला.

आल्ब्रेख्ट बाहेर आले, त्यांच्या बोटाला मायरा.

"कुठेच नाही. आमच्या घरात प्रत्येक मुलाची बॅग दाराशी तयार असते. वडिलांना राजवाडा सोडायला एक तास मिळाला होता. माझी थोरली बहीण, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, नोव्हेंबरच्या थंडीत अनवाणी निघाली. तेव्हापासून. पासपोर्टची कॉपीही बॅगेसाठीच मागितली."

"पपा, आधी विचारा म्हटलं होतं ना मी," ओटिली पुटपुटली.

खरंही असेल. पण गोष्ट फार छान होती, आणि छान गोष्टींचीच मला धास्ती वाटते.

"बॅग मी घरी नेते," मी म्हटलं. "आणि सोमवारी मायरा इथे राहायची असेल, तर मला तुमच्या दाराची किल्ली हवी."

आल्ब्रेख्टनी जुडग्यातून एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

सोमवारी साडेअकराला ऑफिसमधून सटकले, न कळवता किल्ली फिरवली. स्वयंपाकघरात मायरा उकडलेला बटाटा कुस्करत होती; शेजारी आल्ब्रेख्ट, गळ्यात नॅपकिन. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"उशीर केलात," म्हणाले. "मला वाटलं, दहालाच याल."

उद्या नऊला जाईन.