नऊ फरशांचं स्वयंपाकघर

बेकार भत्त्याच्या अर्जावर ‘कुटुंबातील व्यक्ती’ या रकान्यात मी ‘एकटी’ असं लिहिलं, त्याच संध्याकाळी आमचं स्वयंपाकघर दीड हात लांब झालं. दारापासून ओट्यापर्यंत नऊ फरशा होत्या, त्या बारा झाल्या. नव्या तीन फरशा जुन्यांसारख्याच मळक्या होत्या. एकीचा तर कोपराही उडालेला होता.

कुंदाने दारात चपला काढता काढता पाहिलं.

“बरं झालं की,” ती म्हणाली. “आता दोघी एकदम वाकलो तर डोकी आपटायची न्हाईत.”

कुंदा वाघचौरे आणि मी सहा वर्षं या घरात राहत होतो. घर म्हणजे एक स्वयंपाकघर आणि ओट्याच्या पलीकडे एक खोली. बाहेरचं दार स्वयंपाकघरातच उघडायचं. कुंदा शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती, सासर सोडून आली होती आणि त्याबद्दल बोलायची नाही. मी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगवर होते. पुडा हातात घेतला की दोन बिस्किटं कमी आहेत का ते मला काट्याशिवाय कळायचं. मग कारखान्याला टाळं लागलं. मी सरळ स्वभावाची बाई आहे, रांगेत कुणाच्या पुढे घुसत नाही. तशीच भत्त्याच्या रांगेत उभी राहिले.

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “घरात आणखी कोण?”

“मैत्रीण असते.”

“चूल एक की दोन?”

“एकच.”

“मग एक कुटुंब. त्या कमावतात, म्हणजे तुम्हाला बेकार धरता येत नाही.”

“आमचं काही नातं नाही हो.”

“नातं आम्ही विचारत नाही. चूल विचारतो.”

भत्ता मिळाला नाही तर मला तासगावला भावाकडे जावं लागणार होतं. भावाच्या घरात माझी जागा म्हणजे वहिनीचं शिलाई मशीन सरकवल्यावर उरते तेवढी. दिवाळीला चार दिवस मी तिथे अंग चोरून झोपते आणि पाचव्या दिवशी पहाटेची एसटी धरते. आणि खरं सांगायचं तर तो रकाना एवढासा होता की कुंदा त्यात मावली नसती. म्हणून मी ‘एकटी’ लिहिलं.

चूल वेगळी करायची असं मी कुंदाला सांगितलं, तेव्हा ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती लगेच हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी जुनी शेगडी आणून तिने ती दाराजवळ मांडली. ओटा माझ्याकडे राहिला. मधल्या फरशीवर खडूने रेघ मारली. मिठाची बरणी माझी, मिरचीचा डबा तिचा. आम्ही हसतच होतो. लहानपणी भातुकलीत हेच करायचो, असं कुंदा म्हणाली.

भत्त्यासाठी दर महिन्याला हजेरी द्यावी लागे. खिडकीशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं, “मी एकटी राहते, माझी चूल वेगळी आहे.” मी म्हणून यायचे आणि घरी आलं की स्वयंपाकघर वाढलेलं असायचं. दुसऱ्या महिन्यात फरशा चाळीस झाल्या. तिसऱ्या महिन्यात मी मोजायचं सोडलं. कुंदाच्या फोडणीचा वास माझ्यापर्यंत यायचा तेव्हा तिचं जेवण होऊन ती भांडी घासत असायची. आतल्या खोलीपर्यंत येणं तिला परवडेना, म्हणून ती शेगडीपाशीच सतरंजी टाकून निजू लागली. ओट्यावरून पाहिलं तर ती तेलाच्या बाटलीएवढी दिसायची.

हाकांचंही अवघड झालं. मी तिला हाक मारायचे आणि उत्तर येईना म्हणून चालत निघायचे, तर हाकेच्या आधी मीच पोचायचे. मग आम्ही दोघी उभ्या राहून माझी हाक येण्याची वाट पाहायचो. ती यायची. कुंदा म्हणायची, “काय गं?” आणि मी जे सांगायला आले होते ते सांगायचे.

विरजणाचं मात्र आम्ही काही केलं नव्हतं. ते आमच्या डोक्यातच आलं नाही. कुंदाचं दही तिच्या आईच्या घरचं. सासरहून निघताना तिने बाकी काही आणलं नव्हतं, एक पेलाभर दही फडकं बांधून आणलं होतं. तेच आजवर रोज लागत आलं होतं. माझ्या हाताला दही लागत नाही, पाणी सुटतं. म्हणून रोज संध्याकाळी कुंदा चमचाभर विरजण घेऊन निघायची, रेघेपाशी मी कोमट दूध घेऊन उभी असायचे, आणि ती रेघ न ओलांडता हात लांब करून माझ्या पातेल्यात चमचा बुडवायची. विरजण कुणी मागितलं तर नाही म्हणतात का?

चौथ्या महिन्यात भत्ता कार्यालयातून तपासनीस आले. नाकासमोर बघणारे, स्वच्छ बुटांचे गृहस्थ. कुंदा डबा घेऊन कामाला गेलेली होती. त्यांनी खडूची रेघ पाहिली, दोन्ही शेगड्यांवर हात ठेवून पाहिला, दोन्हीकडचं मीठ चाखलं. मग खिशातून स्वतःचा चमचा काढून दोन्हीकडचं दही खाल्लं. मधल्या वाटेवर त्यांना वीस मिनिटं लागली, पण चव ते विसरले नाहीत.

“दही एकच आहे,” ते म्हणाले.

“विरजण तिचं आहे. फक्त विरजण.”

“बाई, चूल मांडायला दोन दिवस पुरतात. दही सहा वर्षांचं आहे. आठ दिवसांनी येतो. तोवर हे वेगळं दिसलं पाहिजे.”

ते गेल्यावर मी माझ्या पातेल्यातलं दही मोरीत ओतलं. वरून तांब्याभर पाणी टाकलं. मला फार वाईट वाटलं, पण ओतताना हात थांबला नाही, हेही सांगायला हवं. त्या संध्याकाळी मी रेघेपाशी गेले नाही. कुंदा चमचा घेऊन आली असेल, उभी राहिली असेल. मला ती दिसत नव्हती. मी ओट्याकडे वळले तेव्हा दाराचा उजेडही दिसेनासा झाला होता.

पुढचे सात दिवस मी डेअरीचं दही आणायला म्हणून रोज दाराकडे निघायचे आणि अर्ध्यातून परत यायचे. भाताच्या पेजेवर राहिले. एकदा वाटेत फरशीवर कुंदाचा डबा सापडला. ती कामावरून आल्या आल्या डब्यासकट रेघेकडे निघाली असेल, दमून तिथेच ठेवून विसरली असेल. मी उचलला. सकाळी भरून नेलेला डबा परत येताना जेवढा हलका असतो तेवढा तो हलका नव्हता. उघडला, तर दोन भाकऱ्या आणि उसळ, जशी भरली तशी. माझ्या हाताला वजन कळतं. कितीतरी दिवस तिचा डबा असाच भरलेला परत येत असणार, हे मला तो हातात धरूनच कळायला हवं होतं. तेव्हा मी एवढंच म्हटलं की हिची भूक मेलीय.

आठव्या दिवशी सकाळी मी ओट्याशी उभी राहून ठरवलं. भत्ता गेला तर गेला. मशीनशेजारी झोपेन. पण सहा वर्षं जिच्या ताटातलं लोणचं न विचारता उचललं, तिला मी रकान्यातून पुसून टाकलं होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. डब्याच्या तळाशी उरलेल्या पावडरचं दूध केलं, तापवून कोमट केलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली.

“कुंदा, दूध कोमट आहे गं. चमचाभर विरजण दे.”

मग पातेलं पदरात धरून निघाले.

दूध निवायच्या आत पोचायचं होतं. मी भराभर चालले. कोपरा उडालेली फरशी पुन्हा पुन्हा येत होती. खडूची रेघ ओलांडली तेव्हा दुपार झाली असावी. पातेलं अजून हाताला उबदार लागत होतं. हळूहळू दाराचा उजेड दिसला, मग शेगडी, मग कुंदा. ती तेलाच्या बाटलीएवढी होती, मग कळशीएवढी, मग कुंदाएवढी झाली. आमच्यात दहाबारा फरशा उरल्या तेव्हा मला दिसलं की दार उघडं आहे आणि उंबऱ्यात तपासनीस उभे आहेत.

ते माझ्याकडे आलेच नव्हते. त्यांच्या हातात एक अर्ज होता आणि मान वर न करता ते कुंदाला तो वाचून दाखवत होते.

“कुंदा वाघचौरे. गणवेश कारखान्यातून कमी केलेलं. कुटुंबातील व्यक्ती, एकटी. बरोबर?”

“व्हय,” कुंदा म्हणाली.

त्यांनी तारीख वाचली. ती माझ्याच अर्जाची तारीख होती.

म्हणजे पहिल्या दिवशीचा तो दीड हात माझा एकटीचा नव्हता. पाऊण माझा होता, पाऊण तिचा. ती रोज डबा घेऊन निघायची, कुठेतरी दिवसभर बसायची, घास न उतरल्याने डबा तसाच परत आणायची आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कुठल्या खिडकीशी उभी राहून माझंच वाक्य म्हणायची. मला तिचा राग आला नाही. मला रडू आलं, पण हातात दूध होतं.

“भत्ता बंद झाला तर काय करणार?” तपासनिसांनी सहज विचारलं.

“सासरी जावं लागंल,” कुंदा म्हणाली. तिच्या मानेवर घाम होता. “तिथं मी जगायची न्हाई, साहेब.”

“मग शेवटचं विचारतो. या चुलीचं काही कुणाबरोबर वाटून घेता?”

कुंदाने मागे वळून पाहिलं. तिने मला पाहिलं, पातेल्यातलं दूध पाहिलं. तिच्या शेगडीशेजारी दह्याचा पेला झाकून ठेवलेला होता आणि झाकणावर चमचा होता. मी मान हलवली. नाही म्हण, असं मी तिला डोळ्यांनी सांगितलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “इथं कुणी न्हाई.”

तपासनिसांनी मान डोलावली, अर्ज दाराच्या फळीवर टेकवला आणि पेनाचं टोपण काढलं. मी जागच्या जागी उभी राहिले. सगळं नीट होणार होतं. मी पुन्हा ओट्याकडे जाणार होते आणि ती इथे राहणार होती.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, खूप मागे, फरशांवरून काहीतरी येताना मला ऐकू आलं. मी पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पसरून वाट अडवली. सकाळी मी मारलेली हाक माझ्या कानाजवळून पुढे गेली.