कानात सांगितलेला सिनेमा

सुनंदा पडद्याकडे बघत नानांच्या कानात मराठी सांगत होती. ती शिकवायची त्या जळगावच्या कॉलेजात दुपारी इंग्रजी सिनेमा लावला होता. केसांचे पांढरे टोप घातलेले दोन संगीतकार, एक म्हातारा, एक तरुण, आणि एकाच दरबारासाठी चाललेली त्यांची चढाओढ. नाना, म्हणजे तिचे वडील, धुळ्याचे लोटन मास्तर, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. वरातीच्या चाली स्वतः बांधायचे. पारोळ्याच्या बँडवाल्या शालिग्राम मास्तरांचं नाव मात्र घरात काढायची सोय नव्हती.

"राजा काय म्हने?"

"म्हाताऱ्याची चाल सरस, म्हणतो."

राजा नेमकं उलटं म्हणाला होता.

सिनेमा सुटल्यावर बसस्टँडवर तिने चहा घेतला. नाना ग्लास हातात धरून नुसतेच बसले.

"माले इंग्रजी येत नही, पन कान शेतस ना. तो पोऱ्या मोठा व्हता. खोटं कसाले सांगं, माय?"

सुनंदा बसची पाटी वाचू लागली.

"तुन्हा लगीनमा शालिग्रामनी वाजाडी ती चाल. मन्हापेक्षा चांगली व्हती का?"

तिच्या लग्नात वधूपिता म्हणून नाना फेटा बांधून मांडवाच्या दारात रिकाम्या हातांनी उभे होते. बँड वरपक्षाने आणला होता, शालिग्रामांचा.

"दोन्ही चांगल्या होत्या, नाना. चहा घ्या, गार होतोय."

"अकरा वरीसपाइन तू हाईच सांगस. बठ्ठा लोके मन्हीच चांगली म्हनतस, म्हनीसन तुले इचारस."

अर्धा चहा बाकावर ठेवून ते धुळ्याच्या बसमध्ये चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. तिनेही केला नाही. सारखं काय तेच, असं तिला झालं होतं.

सकाळी धुळ्याहून फोन आला. रियाजाला बसले होते, तसेच गेले.

दहाव्याला जो तो म्हणत होता, सुखाचं मरण आलं. ऐकून ऐकून सुनंदाचं डोकं उठलं. ती पाणी आणायच्या निमित्ताने तांब्या घेऊन उठली, तर घराबाहेरच्या ओट्याच्या कडेला शालिग्राम मास्तर बसलेले. मांडीवर टोपी, बोटं टोपीच्या काठावर क्लॅरिनेटच्या भोकांवर फिरावीत तशी फिरत होती.

"तुन्हा लगीननी चाल मी लोटनभाऊसाठेच बांधेल व्हती," ते खालमानेने म्हणाले. "ते ऐकतीन म्हनीसन. कधी काही बोलनात का ते?"

दोन्ही चांगल्या होत्या, असं नेहमीसारखं म्हणायला तिने तोंड उघडलं. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि आत फोटोकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नाना, त्यांची चाल चांगली होती. तुमच्यापेक्षा."